पासपोर्टचं मागचं पान

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या ताई पेढे घेऊन आल्या. धाकट्याला मस्कतला नोकरी लागली, पुढच्या आठवड्यात विमान. मी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवलीये का?"

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. आतून बायकोचा आवाज आला, "झालं ह्यांचं सुरू!"

खरं आहे तिचं. हा प्रश्न मी इतक्या जणांना विचारलाय की आमच्या सोसायटीत पोरं मला मागे 'झेरॉक्सकाका' म्हणतात. आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे कागदाचं वेड अंगात मुरलंय असं सगळ्यांना वाटतं. पण माझ्या ह्या प्रश्नामागे कचेरी नाही, माझा थोरला भाऊ आहे. कुणाला फारसं सांगितलं नाही. आज लिहूनच टाकतो.

आम्ही मूळचे कोकणातले, मग गिरगावची चाळ, आणि तिथून इथे हाटकेशला. मीरारोडला आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांची हीच गोष्ट. दादा आणि मी एकाच इमारतीत दोन घरं घेतली. दादाचा मुलगा उद्योगनगरातल्या एका गाळ्यात फिटरचं काम शिकला आणि आखातात गेला. इकडच्या चार इमारती धरल्या तर दोन-तीन घरांतलं तरी कुणीतरी दुबई, दोहा, मस्कत, कुवेतमध्ये आहेच. त्यामुळे तो गेला त्यात नवल काहीच नव्हतं. दर महिन्याला पैसे यायचे, शुक्रवारी फोन यायचा, दोन वर्षांनी स्वतः यायचा. सगळं छान चाललं होतं.

२०१३ च्या पावसाळ्यात, एका गुरुवारी रात्री, दादा गेला. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुतण्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. तो रात्रपाळीला असायचा आणि साइटवर फोन चालत नसे, हे आम्हाला नंतर कळलं. वहिनी एकच वाक्य बोलत होत्या, "त्याला कुणीतरी कळवा." कळवायचं कुणाला? कंपनीचं नाव विचारलं तर वहिनींना एवढंच ठाऊक, की 'मोठी आहे, बसने नेतात-आणतात'. शेवटी कुणीतरी भारतीय दूतावासाचा नंबर शोधून दिला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी तिथे एका माणसाने फोन उचलला. अतिशय सौजन्याने बोलला. त्याने चार गोष्टी विचारल्या. पासपोर्ट नंबर, तिथल्या ओळखपत्राचा नंबर, कंपनीचं पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता. माझ्याकडे त्यातलं एकही नव्हतं. मग त्याने पाचवं विचारलं, "त्यांनी आमच्याकडे नोंदणी केली होती का?"

नोंदणी? कसली नोंदणी?

मी दादाचं कपाट उघडलं. लाइट बिलं, एलआयसीच्या पावत्या, नातवंडांच्या बारशाच्या पत्रिका, सगळं नीट गठ्ठे करून. बिस्किटाच्या एका डब्यात पासपोर्टची झेरॉक्स सापडली तेव्हा मला हायसं वाटलं. फोनवर नंबर वाचून दाखवला. पण तो पासपोर्ट जुना होता, मधल्या काळात नवा झाला होता. आपल्याकडे नवा पासपोर्ट काढला की नंबर बदलतो, हे मला त्या रात्री कळलं.

पुतण्याला बातमी कळली शुक्रवारी दुपारी. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली एका माणसाकडे, आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी किल्ली आली, मग रजेच्या कागदावर सह्या, मग तिकीट. तो पाचव्या दिवशी पोचला. दादाला अग्नी मी दिला. पुतण्याला मिळाल्या अस्थी. त्याने मला कधीही दोष दिला नाही, मीही त्याला दिला नाही. पण घरात त्याच्या कागदाची एक धड प्रत असती, तर गुरुवारी रात्रीच कुणीतरी त्याच्या खोलीचं दार ठोठावलं असतं. निदान ती शुक्रवारची सकाळ तरी वाचली असती.

असो.

नंतर बरेच दिवसांनी मी पुतण्याचा पासपोर्ट हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तुम्ही कधी वाचलाय? आपण फोटोचं पान बघतो, शिक्के बघतो, मुदत बघतो आणि मिटून ठेवतो. मागच्या कव्हरच्या आत बारीक अक्षरात काही सूचना छापलेल्या असतात. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी जवळच्या भारतीय दूतावासात आपली नोंदणी करावी, असा सल्ला तिथे आहे. पासपोर्ट हरवला तर ताबडतोब कळवा, तो टपालाने देशाबाहेर पाठवू नका, असंही आहे. आणि आणखी एक. हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे.

मला हे शेवटचं वाक्य फार आवडलं. ते नुसतं छापायचं म्हणून छापलेलं नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम १७ तेच सांगतं. म्हणजे पासपोर्ट माझाही नाही, मग तो कंपनीचा कुठून होणार? कतार, अमिरात अशा देशांच्या स्वतःच्या नियमांतही मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला मनाई आहे. तरीही 'सुरक्षित ठेवतो' म्हणून तो घेतला जातो आणि नवखा मुलगा देऊन टाकतो. द्यावाच लागला तर निदान त्याची प्रत स्वतःकडे हवी, आणि दिल्याची पोच हवी. पासपोर्ट हाती नसला आणि परतायचंच असलं, तर दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देऊ शकतो. एकदाच, आणि फक्त भारतात परतण्यापुरता कागद. पण तो देण्याआधी तुम्ही तुम्हीच आहात हे पटवावं लागतं. पुन्हा गाडी झेरॉक्सवरच येते!

आता नोंदणीबद्दल. ती कुणी करत का नाही? मी बऱ्याच मुलांना विचारलं. उत्तरं ठरलेली. "काका, वेळ नाही." "त्याने काय होतं?" "उगाच सरकारला कशाला कळवायचं?" पहिलं उत्तर टिकत नाही, कारण दूतावासाच्या वेबसाइटवर फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत आणि वेळही फार लागत नाही. तिसऱ्यात मला हसू येतं, कारण ज्या सरकारने पासपोर्ट दिला त्याला तुमचं नाव, आईवडील, पत्ता सगळं आधीच ठाऊक आहे. त्याला एकच गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे तुम्ही आज कुठे आहात. दुसरं उत्तर मात्र खरं आहे. रोजच्या दिवशी नोंदणीने काहीही होत नाही. पगार वाढत नाही, रजा मिळत नाही. तिचा उपयोग वाईट दिवशी होतो, आणि वाईट दिवस सांगून येत नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. तेव्हा मोबाइल नाही, इंटरनेट नाही. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय. अनेकांचे पासपोर्ट मालकांकडे, आणि मालक देश सोडून गेलेले. ही माणसं बसमधून वाळवंट ओलांडून बगदादमार्गे जॉर्डनमध्ये अम्मानला पोचली आणि तिथून १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक जणांना आणलं. आपल्याला विमानांचा आकडा लक्षात राहतो, आणि राहायलाच हवा. पण मला मात्र दर वेळी अम्मानच्या त्या रांगेतला, हातात एकही कागद नसलेला माणूस आठवतो. मी भारतीय आहे हे त्याने कसं सांगितलं असेल?

बरोबर उलटं उदाहरण ३२ वर्षांनंतरचं. जानेवारी २०२२ च्या अखेरीला कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने तिथल्या भारतीयांना, विद्यार्थ्यांनाही, ऑनलाइन नोंदणी करायला सांगितलं. त्या नोंदणीतूनच तिथे साधारण २० हजार भारतीय आहेत हा अंदाज हाती आला. २४ फेब्रुवारीला युद्ध पेटलं. पुढे सरकारने सांगितलं की एकूण सुमारे २२ हजार ५०० भारतीय परतले. त्या दिवसांत मुलांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं, नोंदणीने थंडी कमी होत नाही की बॉम्ब थांबत नाहीत. पण किती माणसं आणायची आहेत हे आधी ठाऊक असणं आणि नसणं, यात किती फरक पडतो ते विमानं ठरवणाऱ्याला विचारा. आवक-जावक सांभाळणारा कारकून म्हणून मला एवढं नक्की कळतं, ज्याची नोंद नाही त्याची फाइल हलत नाही.

मग सक्ती करावी का? हा प्रयोग आपल्याकडे होता होता राहिला. आपल्या पासपोर्टचे दोन प्रकार. दहावी न झालेल्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते, त्याला ईसीआर म्हणतात. बाकीच्यांना ती लागत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की १ जानेवारी २०१९ पासून मंजुरी न लागणाऱ्यांनीही या देशांत नोकरीला जाण्याआधी किमान २४ तास ऑनलाइन नोंदणी करायची, नाहीतर विमानातून उतरवलं जाईल. आखातात एकच गदारोळ झाला आणि नोव्हेंबर संपायच्या आतच सक्ती स्थगित झाली. नोंदणी ऐच्छिक राहिली.

माझं मत विचाराल तर स्थगिती योग्यच होती. वीस वर्षं तिकडे काम करणारा माणूस आईला बघून परत निघालाय आणि एका फॉर्मपायी विमानतळावर अडतोय, हे काही बरं नाही. पण सक्ती गेली म्हणून विषयही गेला, ही चूक झाली. ज्या दिवशी पासपोर्ट हातात येतो, त्या दिवशी माणूस कौतुकाने त्याचं पान अन् पान बघतो. त्या वेळी पासपोर्ट केंद्रातल्या खिडकीवरच्या माणसाने मागचं पान उघडून एवढंच मराठीतून सांगावं, "तिकडे पोचलात की हे करा." बारीक इंग्रजी अक्षरातली सूचना फिटर, वेल्डर, स्वयंपाकी होऊन जाणाऱ्या पोराने आपणहून वाचावी ही अपेक्षाच चुकीची आहे. दमदाटीने जे होत नाही ते बोलण्याने होतं.

आणि एक सांगू? सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येत नाही. निम्मं काम घरचं आहे. आपण मुलाला निरोप देताना लोणचं, कुळथाचं पीठ, सोलं बांधून देतो, देवाचा अंगारा देतो. घरी काय ठेवून घ्यायचं हे कुणी बघत नाही. परदेशी गेलेल्या माणसाचे अर्धे कागद त्याच्याजवळ आणि अर्धे घरी असले पाहिजेत, कारण संकट दोन्हीकडे येऊ शकतं. कधी त्याच्यावर तिकडे, कधी आपल्यावर इकडे.

म्हणून मी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना जी फाइल करून दिली, तिच्यात काय आहे ते लिहितो. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

१. चालू पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत. नवा झाला की लगेच नवी प्रत, आणि जुनीवर मोठ्या अक्षरात 'जुना'.

२. व्हिसा आणि नोकरीचा करार यांच्या प्रती. तिकडचं ओळखपत्र मिळालं की त्याची दोन्ही बाजूंची प्रत मागवून घ्यायची.

३. कंपनीचं पूर्ण नाव, राहण्याची जागा, खोलीतल्या एका सोबत्याचा आणि एका वरिष्ठाचा फोन नंबर. मुलाचा नाही, तो सगळ्यांना पाठच असतो आणि नेमका तोच लागत नाही.

४. तिथल्या भारतीय दूतावासाचा अडीअडचणीचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. शिवाय परराष्ट्र मंत्रालयाचं २०१५ पासून 'मदद' नावाचं पोर्टल आहे. त्यावर नातेवाइकालाही इथून तक्रार नोंदवता येते.

५. ईसीआर पासपोर्ट असेल तर प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांचं संरक्षण. पॉलिसी कपाटात कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक नसेल तर ती असून नसल्यासारखी.

मोबाइलमध्ये फोटो आहेत की, असं तरुण मंडळी म्हणतात. अरे बाबांनो, फोन तुमच्याबरोबर जातो. तुम्ही सापडत नसाल तर तुमचा फोनही सापडत नाही.

ताईंच्या मुलाचं आणखी एक काम निघालं. त्याच्या पासपोर्टवर पत्ता होता त्यांच्या जुन्या चाळीचा, आणि चाळ आता पाडलेली. तिकडे असताना पासपोर्ट संपला की दूतावासातून नवा मिळतो खरा, पण पोलिस पडताळणी इकडच्या पत्त्यावर येऊ शकते. हवालदार जाऊन बघणार तर तिथे टॉवर! पत्ता बदलला की जाण्याआधीच पासपोर्ट नवा करून घ्यावा. मुदतीचंही तसंच. बरेच देश सहा महिने तरी मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेनऊ वर्षांचाच धरायचा.

नावाचा घोळ तर खास आपला मराठी. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात. हौस म्हणून ठीक. पण मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच नाव. इथे 'तीच हो ती' म्हणून निभावतं. परक्या देशातल्या खिडकीवर त्या तीन वेगळ्या बायका होतात.

आणि जन्माची नोंद. ही सगळ्यात महत्त्वाची. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला परदेशात बाळ झालं. तिथल्या हॉस्पिटलचा दाखला मिळाला, सगळे खूश. दीड वर्षाने इकडे यायचं ठरलं तेव्हा कळलं, की बाळाची नोंद भारतीय दूतावासात झालेलीच नाही. ३ डिसेंबर २००४ पासून कायदा असा आहे की परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्मापासून एका वर्षाच्या आत दूतावासात नोंद हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायला हवं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. ती मिळाली, पण मधले महिने त्या पोरीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दोन्ही आज्या इकडे महानगरपालिकेत चौकशी करत होत्या. बारसं वेळेवर करायची आपल्याला केवढी घाई असते! ह्या नोंदीची तारीख मात्र कुठल्याच कॅलेंडरवर नसते.

एक गोष्ट मात्र आनंदाची. २०११ पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही, तिकडचं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर, आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात मतदार होता येतं. फॉर्म ६ए भरायचा. मत द्यायला स्वतः यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. त्यामुळे फार थोडे येऊ शकतात, हे खरं. पण पुतण्याने मागे हा फॉर्म भरला. मी विचारलं, "तू मतदानाला थोडाच येणारेस?" म्हणाला, "काका, यादीत नाव तर असेल."

मला ते उत्तर फार लागलं. शेवटी नोंदणी म्हणजे काय? कुठल्यातरी यादीत आपलं नाव असणं. आपण नसताना कुणीतरी ती यादी उघडेल, बोट फिरवत खाली येईल आणि आपल्या नावाशी थांबेल, एवढाच तिचा अर्थ. दूतावासातली यादी असो की आईच्या कपाटातली फाइल.

परवा ताई जिन्यात भेटल्या. मुलगा पोचला, खोली बरी आहे, जेवण तिखट नाही म्हणतो. मग आपणहून म्हणाल्या, "आणि त्याने ती नोंदणी केली हो! त्याचा कागद पाठवलाय, मी फाइलला लावला." मी म्हटलं, "देव करो आणि ती फाइल उघडायची वेळ कधी न येवो."

दादाच्या कपाटात आता तशीच एक फाइल आहे. वहिनींनी स्वतः केलीये. तीत सगळ्यात वर पुतण्याच्या चालू पासपोर्टची झेरॉक्स असते. दर वर्षी दादाच्या तिथीला त्या ती बाहेर काढतात, मुदत बघतात आणि परत ठेवतात.

आज घरी गेलात की एवढं करा. घरातला कुणी बाहेर असेल तर त्याचा चालू पासपोर्ट नंबर तुमच्याकडे लिहिलेला आहे का ते बघा. नसेल तर आत्ताच फोन करा. तिकडे शुक्रवार नसला तरी चालेल.